इम्पेअरमेंट, डिसॅबिलिटी, हँडिकॅप: तीन रकाने, मराठीत काय?

शेवटचा_बाक: समावेशक शिक्षणाच्या शिक्षकपुस्तिकेत एक तक्ता आहे, रकाने तीन: इम्पेअरमेंट, डिसॅबिलिटी, हँडिकॅप. मसुद्यात 'दोष, अक्षमता, अपंगत्व' होतं. संपादनात तिन्हींची 'दिव्यांगता' झाली. आता वाक्य असं वाचावं लागतं: 'दिव्यांगतेमुळे दिव्यांगता येते व तिचे रूपांतर दिव्यांगतेत होते.' पर्याय सुचवा.

तळटीप: ही त्रयी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणातली. दोन्ही कानांत ६५ डेसिबलची घट, हा पहिला रकाना. गोंगाटात बोलणं उमगत नाही, हा दुसरा. शिक्षक फळ्याकडे तोंड करून गणित सांगतात, ओठ दिसत नाहीत, मुलाची वही कोरी राहते, हा तिसरा. शिक्षक वर्गाकडे वळून बोलले की तिसरा बराचसा रिकामा होतो, डेसिबल मात्र तेवढेच. म्हणून तिसऱ्याला 'अपंगत्व' नकोच, ते मुलाला चिकटतं. 'अडसर' घ्या.

अनुस्वार: 'दोष'ही काढा. मराठीत दोष देतात, दोष लागतो. 'क्षती' बरा.

शेवटचा_बाक: 'श्रवणदोष', 'दृष्टिदोष' रुळलेत की. 'श्रवणक्षती' कोण म्हणणार?

अनुस्वार: दृष्टिदोष म्हटलं की लोकांना चष्म्याचा नंबर आठवतो.

काना_मात्रा: हँडिकॅप हा शब्दच वाईट. टोपी हातात धरून भीक मागणं, त्यावरून आलाय.

तळटीप: ती दंतकथा. सतराव्या शतकात इंग्लंडात 'हँड इन कॅप' नावाचा अदलाबदलीचा खेळ होता. दोघांच्या वस्तूंच्या किमतीतला फरक पंच ठरवायचा, पैसे टोपीत पडायचे. तिथून शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला: तगड्या घोड्यावर जादा वजन. म्हणजे बाहेरून लादलेलं ओझं, तिसऱ्या रकान्याला अगदी चपखल! तरी २००१ च्या वर्गीकरणात तो गळला आणि 'सहभागावरील निर्बंध' आला.

काना_मात्रा: मग 'अपंग' तरी कुठे शुद्ध? पंगू म्हणजे लंगडा, अ-पंगू म्हणजे धडधाकट!

अनुस्वार: तिथे 'अ' नाही, 'अप' आहे. अप + अंग, संस्कृत अपांग. (अपांगचा दुसरा अर्थ डोळ्याचा बाहेरचा कोपरा. संस्कृत काव्यात नायिकेचे अपांग भेटले तर दचकू नये.)

चौथा_रकाना: व्युत्पत्ती पुरे. खरी गोम मधल्या रकान्यात आहे. १९७६ साली ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेने मांडणीच फिरवली: इम्पेअरमेंट शरीरात, आणि डिसॅबिलिटी म्हणजे समाजाने केलेली अडवणूक. हँडिकॅपला तिथे जागाच नाही. त्या विचाराच्या मजकुरात 'अक्षमता' लिहिलंत तर अर्थाचा अनर्थ. कायद्याचा शब्द आणखी निराळा. भारताच्या १९९५ च्या कायद्यात 'अपंग', प्रकार ७. २०१६ च्या कायद्यात 'दिव्यांग', प्रकार २१. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरचे ४० टक्के वर्गात नेमकं काय अडतं ते सांगत नाहीत.

काना_मात्रा: पण 'दिव्यांग'मध्ये सन्मान आहे.

अनुस्वार: 'अध्ययन अक्षमते'ला 'अध्ययन दिव्यांगता' म्हणून बघा, वाचन सोपं होतं का! सन्मान रॅम्पवर दाखवावा. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १:१२ प्रमाणे १८० सेंटिमीटर लांबी लागते. जागा नाही म्हणून ६० सेंटिमीटरमध्ये उरकलं की १:४ होतं. चढताना चाकाची खुर्ची मागे कलंडायची भीती, आणि ढकलणाऱ्याची दमछाक.

शेवटचा_बाक: बरं झालं, रॅम्पचं निघालं. पुस्तिकेत त्याला 'उतरण' लिहिलंय. चढायलाही तीच ना?

चौथा_रकाना: उतरण खालीच नेते. 'उतार' लिहा.

अनुस्वार: उतार म्हटलं की लोकांना औषध आठवेल. रॅम्पच ठेवा.

काना_मात्रा: 'उतरंड' कसा वाटतो?

तळटीप: उतरंड मडक्यांची असते.