सीटची मेमरी चुकतेय, सीट दोन बोटं सरकून थांबते : दोष मोटरचा की आणखी कशाचा?

फोंड्याची शिक्षिका:

नमस्कार. आमच्या घरी गाडी एक आणि चालवणारे दोघं, बाबा आणि मी. बाबा पाच फूट अकरा इंच, मी जेमतेम पाच फूट. ड्रायव्हरच्या सीटला मेमरी आहे, म्हणजे बटण दाबलं की सीट आपोआप ठरवून ठेवलेल्या जागी जाते. १ नंबरचं बटण बाबांचं आणि २ नंबरचं माझं. जानेवारीत बाबांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिल्यापासून सगळी भिस्त त्या १ नंबरवर आहे. सीट पुरती मागे गेल्याशिवाय त्यांना पाय आत घेता येत नाही.

जूनमध्ये पहिल्यांदा खटकलं. १ दाबलं की सीट मागे जायची, पण त्यांच्या जागेच्या चार बोटं अलीकडेच थांबायची. आम्ही जागा नव्याने सेट केली. आठवडाभरात परत तेच. एक दिवस बाबांनी स्विचने सीट बरोबर मागे घेतली, बसले आणि सवयीने १ दाबलं. सीट चक्क पुढे आली आणि नवा गुडघा स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकला टेकला. त्यांनी लगेच सीटचा दुसरा स्विच दाबला म्हणून ती थांबली. त्या दिवसापासून मी त्यांना मेमरीच्या बटणाला हात लावू देत नाही.

जुलैच्या शेवटी दुखणं बदललं. आता मागे-पुढे करायचा स्विच दाबून धरला तरी सीट दोन बोटं सरकते आणि थांबते. सोडून परत दाबला की आणखी दोन बोटं. पाठ आणि उंची मात्र एकदम व्यवस्थित, मेमरीनेसुद्धा. वर्कशॉपमध्ये वीस मिनिटांत निकाल दिला : मोटर आणि मॉड्यूल (सीट चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही बदला, ४८,००० रुपये. काय तपासून हे ठरवलं, असं विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही.

गाडी सात वर्षांची, ऑटोमॅटिक. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, मल्टिमीटर वापरता येतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी केप्याला जायचंय आणि गाडी बाबांनाच चालवायची आहे. कुठून सुरुवात करू?

पर्वरीकर:

ताई, दोन साध्या गोष्टी आधी विचारतो. काही गाड्यांत मेमरी चावीला जोडलेली असते. दोन चाव्यांची अदलाबदल झाली की सीट दुसऱ्याच्या जागेवर जाते आणि माणसाला वाटतं बिघाड झाला. तुमच्याकडे तसं नाही ना? आणि हल्ली बॅटरी बदलली होती का? बॅटरी काढली की काही गाड्यांत सीट आपला हिशोब विसरते. मग प्रत्येक हालचाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन, टोकाला स्विच काही सेकंद दाबून धरून ती पुन्हा शिकवावी लागते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात बघा, प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

फोंड्याची शिक्षिका:

चाव्या तपासल्या, तो प्रकार नाही. बॅटरी मात्र मे महिन्यात बदलली होती. काल पुस्तकात दिल्याप्रमाणे शिकवून बघितलं. मागे-पुढे नेताना स्विच पंधरा-सोळा वेळा सोडून परत दाबावा लागला, तेव्हा कुठे टोक आलं. पाठ आणि उंची शिकली. मागे-पुढे नाही शिकली.

वास्कोचा वायरमन:

ताई, तुम्ही लक्षणं ज्या क्रमाने लिहिलीत त्या क्रमातच उत्तर आहे. अठ्ठावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीटखाली एकच मोटर नसते. मागे-पुढे करायला एक, पाठीला एक, उंचीला एक किंवा दोन. प्रत्येक मोटरला मोजणारा एक सेन्सर असतो. जुन्या गाड्यांत तो रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरता रेझिस्टर असायचा. आता बहुतेक ठिकाणी हॉल सेन्सर असतो. मोटरच्या दांड्याबरोबर छोटं चुंबक फिरतं, सेन्सर त्याचे ठोके मॉड्यूलला पाठवतो आणि मॉड्यूल ते मोजतं. मॉड्यूलला सीट दिसत नाही. मागच्या टोकापासून इतके ठोके म्हणजे बाबांची जागा, एवढंच त्याला ठाऊक.

आता जून बघा. सेन्सरची वायर तेव्हा मधूनमधून तुटत होती. तुमच्या जागेकडे पुढे येताना काही ठोके गळले, म्हणून सीट मॉड्यूलच्या हिशोबापेक्षा जास्त पुढे आली. मागे जाताना मात्र ठोके पूर्ण मोजले गेले, म्हणून ती बाबांच्या जागेच्या अलीकडेच थांबली. दोन्ही फेऱ्यांत सारखेच ठोके गळले असते तर हिशोब जुळला असता, पण तसं होत नाही. त्या दिवशी १ दाबल्यावर सीट पुढे का आली, तेही यातच आलं. मॉड्यूलच्या मते बाबा जास्त मागे बसले होते.

जुलैत ठोके पूर्ण बंद झाले. मॉड्यूल मोटरला करंट देतं आणि ठोक्याची वाट बघतं. ठोका येत नाही म्हटल्यावर सीट कशात तरी अडकली असं समजून, मोटर जळू नये म्हणून करंट तोडून टाकतं. तुमची ती दोन बोटं म्हणजे त्याचा वाट बघण्याचा वेळ. मोटर मेली असती तर ती दोन बोटंसुद्धा हलली नसती. मॉड्यूल गेलं असतं तर पाठ आणि उंची इतकी नीट चालली नसती. मॉड्यूलच्या आतली तेवढी एक वाट जळालेली असू शकते, पण ते सगळ्यात शेवटी बघायचं. आधी वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि सेन्सर.

आता हात घालण्याआधी एक गोष्ट ऐका. सीटखाली पिवळा कपलर किंवा पिवळ्या आवरणाची वायर दिसेल. ती बाजूच्या एअरबॅगची किंवा सीटबेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्राची. तिला मल्टिमीटर लावायचा नाही, कधीच नाही. सीट काढायची असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा, मगच कपलर सोडा. पिवळा कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागेल आणि तो स्कॅनरशिवाय (मॉड्यूलमधली माहिती वाचणाऱ्या यंत्राशिवाय) जायचा नाही.

तुम्हाला सीट काढायची गरज पडू नये. ती पूर्ण वर आणि पूर्ण मागे घ्या, पुढून टॉर्च मारा. मागे-पुढे करणाऱ्या मोटरला दोन जाड वायरी आणि दोन किंवा तीन बारीक वायरी जातात. बारीक तीन असतील तर एक सप्लाय (५ किंवा १२ व्होल्ट), एक अर्थ (निगेटिव्हला जाणारी), एक सिग्नल (ठोके नेणारी). कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने सुई घाला. सप्लाय आहे का बघा. अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. मग कोणाला तरी स्विच दाबायला सांगा, सीट हलताना सिग्नलचा व्होल्टेज वर-खाली व्हायला हवा. बारीक वायरी दोनच असतील तर सेन्सर करंटवर चालणारा असेल, व्होल्टेज बघून फसाल. तसं असेल तर बॉडीचं मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लागेल. बाजारातले स्वस्त स्कॅनर बहुतेक फक्त इंजिन वाचतात. सीट हलतेय आणि स्कॅनरवर जागेचा आकडा हलत नाही, हे दिसलं की संशय उरत नाही.

टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का बघायचा बल्ब) मात्र या बारीक वायरींना लावू नका, मॉड्यूल जाऊ शकतं.

शिवोलीकर:

वायरमनकाकांचं सगळं पटलं. एक भर घालतो, कार्पेट हाताने दाबून बघा. वरून कोरडं असतं आणि खालचा फोम पाण्याने भरलेला. माझ्या गाडीत एसीचा ड्रेन पाइप चिखलाने बंद झाला होता आणि पाणी आतच साठत होतं. इथल्या पावसात, खाऱ्या हवेत, सीटखालच्या कपलरला हिरवा गंज चढायला वेळ लागत नाही. समुद्रावर जात असाल तर सीट ज्यावर सरकते त्या रेलमध्ये वाळूही बघा, तिने मोटरवर ताण येतो.

फोंड्याची शिक्षिका:

सापडलं. रविवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन, मी खाली आडवी आणि बाबा स्विचवर.

बारीक वायरी तीन निघाल्या. सप्लाय ५ व्होल्ट बरोबर. अर्थ ०.०४. सिग्नल ४.८ वर स्थिर, सीट हलली तरी हलेना. मी मनाशी सेन्सर गेला असं ठरवून टाकलं होतं. मग कपलरपासून वायरींचा गठ्ठा बोटांत धरून हळूहळू मागे गेले. सीट पुढे येते तेव्हा गठ्ठा जिथे मुडपतो तिथे पट्टी सुटली होती आणि तो रेलच्या कडेला घासत होता. तिथे सिग्नलची वायर बोटाला मऊ लागली. वरचं प्लास्टिक अखंड, आत तांबं तुटलेलं. वायर तिथे चिमटीत दाबून धरली आणि बाबांना स्विच दाबायला सांगितलं, तर सीट न थांबता शेवटपर्यंत गेली. बाबा वरून म्हणाले, “धर, सोडू नकोस!”

शिवोलीकर, तुमचंही खरं निघालं. फोम ओला होता, पिळला तर पाणी आलं. कपलरच्या एका पिनेवर हिरवी पूड होती, पण पिन खाल्लेली नव्हती. ड्रेनमधून चिखल आणि कुजलेली पानं निघाली. घराजवळच्या फणसाखाली गाडी लावतो, त्याचीच असणार.

काका, आता विचारायचं हे की नुसती वायर पिळून टेप मारू का?

वास्कोचा वायरमन:

नको. ती जागा रोज मुडपणार. बॅटरीची निगेटिव्ह काढा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कापून चांगलं तांबं लागेपर्यंत मागे जा आणि तेवढ्याच जाडीच्या मऊ वायरचा तुकडा घाला. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), आणि जोड मुडपण्याच्या जागेपासून लांब ठेवा. सोल्डर कडक असतो, मुडपण्याच्या जागी आला तर त्याच्या कडेला परत तुटेल. गठ्ठ्यावर नवीन नळी चढवून सुटलेली पट्टी बांधा आणि सीट दोन्ही टोकांना नेऊन वायर ताणत नाही ना ते बघा. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. फोम पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या. मग नव्याने शिकवा आणि बाबांची जागा परत सेट करा. त्यांना आत बसवण्याआधी रिकाम्या सीटवर १ आणि २ वीस वेळा आलटून पालटून दाबा. रेलवर खडूने खूण करा, प्रत्येक वेळी तिथेच थांबायला हवी.

फोंड्याची शिक्षिका:

केलं सगळं. वायर, हीट श्रिंक आणि क्लीनर मिळून ३८० रुपये. सोल्डरिंग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सोल्डरिंग आयर्नने केलं. वीस वेळा दाबलं, वीसही वेळा खडूच्या खुणेवर. मग बाबांनी स्वतः आणखी सहा वेळा दाबलं, बाहेर उभं राहून. सातव्या वेळी पाय आत घेऊन बसले आणि जवळच्या फर्मागुढीपर्यंत जाऊन आले.

खडूची खूण पुसलेली नाही. चवथीपर्यंत रोज सकाळी बघणार आहे.