दोन वर्षांच्या मुलाच्या हाताची तपासणी नेमकी कशी व्हावी?

प्रश्न (एक आई, मालवण):
माझा मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा असून सेरेब्रल पाल्सीमुळे (लहान वयात मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) त्याची डावी बाजू बाधित आहे. मागच्या तपासणीत त्याचा उजवा हात धरून ठेवून डाव्या हाताने ठोकळे उचलायला लावले. तो रडला, एकही ठोकळा उचलला गेला नाही आणि कागदावर ‘डाव्या हाताचा वापर नाही’ असा शेरा आला. घरी मात्र तो डाव्या मनगटाखाली घावन दाबून धरतो आणि उजव्या हाताने तुकडे तोडतो. याला वापर म्हणायचे की नाही?

उत्तर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रत्नागिरी):
ताई, हा वापरच आहे. एकच बाजू बाधित असते तेव्हा तो हात बहुधा मदतनिसाचे काम करतो, म्हणून दोन्ही हात लागणाऱ्या खेळात मूल त्याला आपणहून कसे कामाला लावते, हे पाहावे लागते. चांगला हात बांधून ठेवणे हा उपचाराचा एक प्रकार आहे. रोजचा वापर त्यातून कळत नाही.

स्वीडनमध्ये तयार झालेली ‘असिस्टिंग हँड असेसमेंट’ ही चाचणी याच विचारावर उभी असून ती 18 महिन्यांपासून करता येते. दहा-पंधरा मिनिटांच्या खेळाचे चित्रीकरण करून पकडणे, सोडणे, हात पुढे नेणे अशा 20 बाबींना 1 ते 4 गुण देतात आणि त्यांचे 0 ते 100 एककांत रूपांतर करतात. दोन चाचण्यांत 5 एककांपेक्षा कमी फरक पडला, तर त्याला बदल मानत नाहीत. मात्र यासाठी खास प्रशिक्षण आणि ठरावीक खेळण्यांचा संच लागतो, त्यामुळे आपल्या भागात ती करणारी व्यक्ती सहज भेटेलच असे नाही.

‘मिनी-मॅक्स’ हे 1 ते 4 वर्षांच्या मुलांसाठीचे पाच स्तरांचे वर्गीकरण मात्र पालकांशी बोलून करता येते. त्यात दोन्ही हात मिळून मूल रोजच्या वस्तू कशा हाताळते, एवढेच ठरते. डाव्या हाताचा वेगळा स्तर त्यातून काढू नये आणि प्रगती मोजायलाही ते वापरू नये. स्नायूंचा ताठरपणा आणि तळव्यात वळलेला अंगठा यांची तपासणी वेगळी करावी.

उत्तर (एक वडील, दापोली):
आम्ही पुढच्या भेटीला घरचा व्हिडिओ घेऊन गेलो होतो. मोबाइल समोर ठेवा, दोन्ही हात दिसू द्या, झाकणाचा डबा किंवा करवंटी-चमचा द्या आणि ‘डावा हात लाव’ असे मध्ये अजिबात म्हणू नका. काजूच्या बिया मात्र खेळायला देऊ नका. या वयात सगळे तोंडात जाते, शिवाय टरफलातला चीक भाजतो. आमच्या मुलीचे दोन्ही हात बाधित आहेत, तिलाही ‘असिस्टिंग हँड असेसमेंट’ चालेल का?

उत्तर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रत्नागिरी):
दादा, ती चाचणी एका बाजूच्या बाधेसाठी आहे. दोन्ही बाजूंसाठी ‘बोथ हँड्स असेसमेंट’ ही वेगळी चाचणी असून तिच्यात प्रत्येक हाताचा वापरही पाहतात आणि दोन्ही हातांचा मेळही.