मदत हवी आहे: ट्रॉलरवरील खलाशांना क्षयरोगापासून कसे वाचवावे?

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या बंदरातील एका तरुण नेपाळी खलाशाला फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे नुकतेच निदान झाले असून, त्याच्यासोबतचे सात जण आठ-आठ दिवस समुद्रात त्याच केबिनमध्ये झोपत होते. ती केबिन मी आत जाऊन पाहिली: फळ्यांचे दोन कप्पे, लाटांचे पाणी येऊ नये म्हणून कायम बंद असलेली एकच खिडकी आणि स्टोव्हच्या धुराने काळे पडलेले छत. हा रोग हवेतून पसरतो. कोंदट जागा, धूर, तंबाखू आणि अपुरा आहार यांमुळे धोका वाढतो. ताटवाटीतून तो पसरत नाही, हे मी तांडेलांना (बोटींच्या प्रमुखांना) समजावले, तरीही त्या मुलाचे ताट वेगळे ठेवले जाते, याचे फार वाईट वाटते.

उपचार किमान सहा महिन्यांचे आहेत, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात हे खलाशी गावी जातात. सीमेपलीकडे औषधांत खंड पडू नये, यासाठी कोणी व्यवस्था केली आहे का? बाकीच्या सात जणांच्या तपासणीसाठी बंदरावरच शिबिर घेता येईल का? पाणी आत न येता हवा खेळती राहील, असा केबिनमधील बदल कोणी करून पाहिला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.