शब्दचर्चा : मुनकर, इन्कार, नसीहत

प्रश्न : मुस्लिम देशांत उघडपणे होणाऱ्या गैरकृत्यांविषयी सामान्य मुसलमानाने काय करावं, यावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. 'इन्कार अल-मुनकर' या शब्दप्रयोगाशी अडलंय. 'वाईटाला नकार' लिहिलं, पण मनाला पटत नाही. शिवाय 'नसीहत' जागोजागी येतो. त्याला उपदेश म्हणावं का?

उत्तर : ताई, 'नकार' नको. तो संस्कृतातला, न + कार. 'इन्कार' अरबी, आणि 'मुनकर'ही त्याच धातूचा. मुनकर म्हणजे ज्याला चांगलं म्हणून कुणी ओळख देत नाही ते. उलट शब्द मारूफ, सर्वांना चांगलं म्हणून ठाऊक असलेलं. मराठीत इन्कार 'नाकबूल करणे' एवढ्यावरच राहिला. शरियतच्या चर्चेत मात्र 'हे चूक आहे' असं म्हणत विरोधाला उभं राहणं, असा त्याचा अर्थ आहे.

'निषेध' जवळचा आहे, पण तोही अपुरा. सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) प्रसिद्ध आहे : मुनकर दिसलं तर हाताने बदला, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर मनाने, आणि ही ईमानची (श्रद्धेची) सर्वांत दुबळी पायरी. निषेधात फक्त जीभ येते. ही हदीस सांगितली गेली तो प्रसंगही तिथेच आहे. मदीनेचा सुभेदार मरवान याने ईदच्या नमाजाआधीच खुतबा (प्रवचन) सुरू केला. ईदला खुतबा नमाजानंतर द्यायचा असतो. एक माणूस भर जमावात उभा राहिला आणि म्हणाला, नमाज आधी. मरवानने उत्तर दिलं की ती पद्धत आता सोडली आहे. तेव्हा पैगंबरांचे सहकारी अबू सईद अल-खुदरी म्हणाले, या माणसाने आपलं कर्तव्य केलं, आणि त्यांनी ही हदीस सांगितली. म्हणजे सत्ताधाऱ्याची चूक, लोकांसमोर केलेली, आणि लोकांसमोरच दाखवलेली. 'शासकावर जाहीरपणे बोलणंच निषिद्ध' असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग वगळू नये, असं मला कळकळीने वाटतं.

दुसरं उत्तर : पण पैगंबरांचेच दुसरे सहकारी उसामा बिन झैद यांचंही वाचा. खलिफा उस्मान यांच्याशी तुम्ही का बोलत नाही, असं लोकांनी विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला ऐकू येईल तेव्हाच मी बोलतो असं वाटतं का? मी एकांतात बोललो आहे. फितन्याचं (दुही-बंडाळीचं) दार उघडणारा पहिला माणूस मला व्हायचं नाही. याला नसीहत म्हणतात. इथे मराठी वाचकाचा घोटाळा होतो, कारण आपल्या जुन्या कागदपत्रांत नसीहत म्हणजे पारिपत्य, शिक्षा. अरबीत तिच्यात हितचिंतन आहे. 'धर्म म्हणजे नसीहत' या हदीसेत मुसलमानांचे नेते आणि सामान्य लोक दोघांसाठीही ती सांगितली आहे. 'उपदेश'ने वरून खाली बोलल्यासारखं वाटतं. 'कळकळीचा सल्ला' लिहा.

पहिल्या उत्तराला पुरवणी : मान्य. पण मग 'उघड' हा शब्द ठळक येऊ द्या. धर्मपंडित गझालींनी (मृत्यू 1111) अट घातली आहे की गैरकृत्य पाळत न ठेवता दिसलं पाहिजे. दार लावून कुणी काही करत असेल तर आत शिरायचं नाही; दारुड्यांचा गोंगाट रस्त्यावर ऐकू आला तर ते उघड झालं. कुरआनच्या 49:12 मध्ये 'तजस्सुस'ला (पाळत ठेवण्याला) मनाई आहे. आपला जासूद त्याच घराण्यातला. आणि 'उघड'साठी अरबी शब्द 'झाहिर', म्हणजे आपलं जाहीर.

प्रश्नकर्ती : आणि हाताने बदलायचं कुणी? कुणीही?

उत्तर : हातापर्यंत जाताना बहुतेक फकीह (शरियतचे जाणकार) अधिकाराचा प्रश्न आणतात : घरात कर्ता, शहरात मुहतसिब. हा बाजारातली वजनंमापं तपासणारा अधिकारी. इतिहासकार मकरीझी कैरोत याच पदावर होते. त्याच्या कामाला हिस्बा म्हणतात; हिस्बा आणि आपला हिशेब एकाच धातूचे. सौदीत तर धर्मपोलिसांचा पाठलाग आणि अटकेचा अधिकार 2016 मध्ये काढून घेतला. आता त्यांनी पोलिसांना कळवायचं. तुमच्या वाक्यात हात, जीभ, मन असा क्रम असेल तर 'गैरकृत्याला विरोध' घ्या, फक्त बोलण्यापुरतं असेल तर 'जाहीर निषेध', आणि 'मुनकर' पहिल्यांदा येईल तिथे कंसात मूळ शब्द ठेवा.