शहर कलेतून ओळखायचं तर आधी ऑपेरा हाऊस की तळघरातलं थिएटर?

तिसरी घंटा:
नव्या शहरात तीन-चार संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या की बहुतेक जण तिथलं सगळ्यात नावाजलेलं नाट्यगृह किंवा ऑपेरा हाऊस, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकांचं मोठं थिएटर, गाठतात. जिना बघतात, झुंबरं बघतात आणि त्या शहराची कला बघून झाली असं मानतात. माझं मत याच्या अगदी उलट आहे. सुरुवात करावी ती चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या जागांपासून. तळघरं, बंद पडलेली गोदामं, पबच्या वरच्या खोल्या, शाळांचे हॉल. ऑपेरा शेवटी, वेळ उरला तर.

ऑपेराचा हंगाम दोन-तीन वर्षं आधीच ठरतो, कारण मोठ्या गायकांच्या तारखा त्याहूनही लवकर अडकलेल्या असतात. मग आज त्या शहरात जे खदखदतंय ते आज त्या मंचावर येणार कसं? त्यात 'ला त्राव्हियाता', 'कारमेन', 'ला बोएम' ही तीच ती नावं जगभर आलटून पालटून लागतात. हल्ली तर दोन-तीन ऑपेरा हाऊस मिळून एकच निर्मिती करतात आणि नेपथ्य कंटेनरमध्ये भरून या शहरातून त्या शहरात जातं. तेच दिग्दर्शन, तेच कपडे, फक्त गाव वेगळं. छोट्या जागेत मात्र दोन महिन्यांपूर्वी लिहून झालेलं नाटक आज उभं राहू शकतं.

आणि तिथली जवळीक! नटाने संवादाआधी गिळलेला आवंढा तिसऱ्या रांगेतून दिसतो. प्रकाश आणि ध्वनी एकाच टेबलावरून एकच जण सांभाळतो, लेखिका स्वतः दारात उभी राहून तिकिटं तपासते, आणि प्रयोगानंतर तिच्याशी अर्धा तास भांडता येतं. १९४७ मध्ये एडिनबराचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था आपणहून आल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. फ्रिंजची, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या कडेने भरणाऱ्या खुल्या नाट्यमहोत्सवाची, सुरुवात तिथली. कुणी बोलावण्याची वाट न बघता केलेलं काम बघायला मिळतं, म्हणून आधी तिकडे जा असं माझं म्हणणं आहे.

मंद्रसप्तक:
असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून असहमत. एडिनबराची फ्रिंज आज त्या शहराची राहिली आहे का? ऑगस्टमध्ये जगभरातून संस्था येतात, जागेचं भाडं स्वतः भरतात, तासाभराचा स्लॉट मिळतो. आधीचा प्रयोग संपला की काही मिनिटांत आपलं नेपथ्य लावायचं, संपल्यावर तितक्याच घाईने गुंडाळायचं. महिना संपला की बहुतेक सगळे आपापल्या गावी. तुम्ही तिथे दहा प्रयोग बघाल आणि त्यातले आठ दुसऱ्याच कुठल्या तरी शहरातले निघतील.

ऑपेरा हाऊसकडे बघा. नायक-नायिका विमानाने येतात हे मान्य. पण समूहगायक कुठून येतात? ते त्याच शहरात राहतात, त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात. पिटमधला, म्हणजे मंचासमोरच्या खोलगट जागेतला, वाद्यवृंद तिथलाच. शिंपी, टोप करणारे, रंगारी, सुतार, प्रॉम्प्टर, गायकांना महिनोन्‌महिने पियानोवर तालीम देणारे, सगळे पगारावर, वर्षानुवर्षं. जर्मनीत सार्वजनिक पैशावर चालणारी सुमारे ८० ऑपेरा हाऊस आहेत आणि त्यातली बरीचशी मध्यम आकाराच्या गावांत आहेत. तिथे एकलगायकसुद्धा संस्थेच्या नोकरीत असतात. आज मुख्य भूमिका करणारी बाई पुढच्या आठवड्यात दासीच्या छोट्या भूमिकेत दिसते. गावातले प्रेक्षक तिला नावाने ओळखतात, तिचा आवाज कसा बदलत गेला हे सांगू शकतात. स्थानिक म्हणायचं ते याला.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. माईक नसताना साठ-सत्तर वाद्यांच्या वरून एक माणूस शेवटच्या बाल्कनीपर्यंत पोचतो, तो नुसत्या जोरावर नाही. वाद्यवृंदाची सर्वाधिक ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जाता जाता कमी होत जाते. कसलेला गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाच्या वरच्या नळीचा आकार असा साधतो की त्याच्या आवाजाला ३००० हर्ट्झच्या आसपास एक जास्तीचा उंचवटा येतो. वाद्यं तिथे दुबळी आणि आपला कान तिथे तीक्ष्ण. म्हणून तो आवाज वाद्यांना न दडपता त्यांच्यातून आरपार येतो. हे ध्वनिमुद्रणात कळत नाही, घरच्या स्पीकरवर तर नाहीच. त्या इमारतीत, त्या लाकडामध्ये बसूनच कळतं. तुमच्या तळघरात हा अनुभव कुठे मिळणार?

शेवटची रांग:
मी दोन्हीकडे नवखी आहे, म्हणून विचारते. ऑपेरा इटालियन किंवा जर्मनमध्ये, चालतो तीन-साडेतीन तास. छोट्या थिएटरचं नाटक स्थानिक बोलीत, तेही भराभर. भाषा येत नसेल तर आधी कुठे जावं?

मंद्रसप्तक:
शेवटची रांग, ऑपेराला जा. मंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दिसतात. १९८३ मध्ये टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने स्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा'साठी पहिल्यांदा ही सोय केली. तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती, आज ती जवळजवळ सगळीकडे असते. छोट्या थिएटरला हे परवडत नाही. कथा आधी वाचून जा म्हणजे डोळे सतत वर लागणार नाहीत. आणि तिकीट जिथे उभ्याने बघण्याचं मिळतं तिथे ते घ्या. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्या जागेचे प्रेक्षक आपली जागा राखायला कठड्याला स्कार्फ बांधून ठेवतात. त्या कठड्यापाशी जी माणसं भेटतात ती आठवड्यातून तीन-तीनदा येणारी असतात. शहराबद्दल विचारायचं तर त्यांना विचारा.

तिसरी घंटा:
मंद्रसप्तक, तुम्ही महोत्सव आणि बारमाही छोटं थिएटर यांची गल्लत करताय. महोत्सवाचे पाहुणे ऑगस्टअखेर जातात हे खरं. मी बोलतोय ते वर्षभर तग धरणाऱ्या जागांबद्दल. न्यूयॉर्कमध्ये १९५८ साली सुरू झालेलं 'कॅफे चिनो' हे कॉफीगृहातलं छोटं थिएटर घ्या, किंवा एलन स्ट्युअर्ट यांनी १९६१ साली सुरू केलेलं 'ला मामा' घ्या. आपल्याकडे १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने चालवलेली प्रायोगिक नाटकांची चळवळ घ्या. व्यावसायिक रंगभूमीला नको असलेली नाटकं तिथे झाली, आणि पुढची कित्येक वर्षं मोठ्या रंगमंचावर दिसलेले नट, लेखक, दिग्दर्शक तिथेच घडले. ही माणसं पाहुणी नव्हती.

ऑपेराच्या इतिहासातही हेच दिसतं. मोझार्टची 'जादूची बासरी' १७९१ मध्ये कुठे झाली? दरबारी नाट्यगृहात नाही. व्हिएन्नाच्या वेशीबाहेरच्या उपनगरी थिएटरात, नट आणि नाटकमंडळीचा चालक शिकानेडर याच्या मंडळीबरोबर, जर्मन भाषेत, मधे मधे बोललेले संवाद घालून. ज्याला आज आपण अभिजात म्हणून मान तुकवतो ते त्या काळी कडेचंच होतं. म्हणून आजची कड आधी बघा म्हणतो.

आवाजाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो अनुभव अद्वितीयच आहे. पण तो उत्तम आवाजाचा अनुभव झाला. शहराची ओळख ही वेगळी गोष्ट.

विंगेतली:
मी दोन्ही ठिकाणी पडद्यामागे काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुम्ही दोघं ज्यांना दोन जगं समजताय त्यांत माणसं बरीचशी तीच असतात. समूहगायकाला सुट्टीच्या दिवशी एकट्याने गायचं असतं, पिटमधल्या व्हायोलावाल्याला नव्या रचना वाजवायच्या असतात, ऑपेराच्या कपडेपटातली मुलगी रात्री प्रायोगिक नाटकाचे कपडे शिवते. लंडनच्या किलबर्न भागात एका पबच्या वर २००९ साली 'ला बोएम' झाला. वाद्यवृंद नाही, पियानो. गायक प्रेक्षकांच्या टेबलांमधून फिरत गायचे. त्या प्रयोगाला २०११ मध्ये उत्कृष्ट नव्या ऑपेरा निर्मितीचा ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला. आता याला कुठल्या खणात टाकाल?

माझी पद्धत अशी. ज्या प्रयोगाला जाल त्याची श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा. नट-गायकांची नावं सोडून द्या, ती कुणीही वाचतं. प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगमंच व्यवस्था आणि तालमीचा पियानोवादक ही नावं लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात ही माणसं आणखी कुठे काम करताहेत ते शोधा. पियानोवादक हमखास सापडतो, कारण तो कुठल्या तरी गायकाबरोबर छोटी मैफल करत असतो. दोन-तीन नावांच्या मागे गेलात की शहराचा नकाशा आपोआप उलगडतो, आणि त्यात जाहिरातीत कधीच न येणाऱ्या जागा सापडतात. संगीत आणि नाट्यविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाचे प्रयोग चुकवू नका. तिथे तयारी मोठ्या मंचाची असते आणि भूक छोट्या मंचाची. ऑपेराची रंगीत तालीम लोकांना खुली असेल तर तीही गाठा. गायक आवाज राखून गातात, दिग्दर्शक मधेच थांबवतो, आणि काम कसं बांधलं जातं ते डोळ्यांसमोर दिसतं.

तिसरी घंटा यांच्याशी मात्र एका बाबतीत माझं भांडण आहे. छोट्या थिएटरचं कौतुक करताना तिथे पैसे कुणाला मिळतात हे कुणीच विचारत नाही. बऱ्याचदा जागेचं भाडं जातं, छपाई जाते आणि नटाच्या हातात काही उरत नाही. कॅनडातल्या फ्रिंज महोत्सवांनी यावर मार्ग काढला. संस्था चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि तिकिटाची मूळ रक्कम पूर्ण कलाकारांना द्यायची. सगळीकडे हे होत नाही. तेव्हा छोट्या प्रयोगाला फुकट पास मागू नका. तिकीट काढून जा.

मंद्रसप्तक:
विंगेतली यांची नावं शोधायची पद्धत मी नक्की वापरणार. पण तिसरी घंटा, 'शहराची ओळख वेगळी' हे काही मला पटलं नाही. शहर म्हणजे प्रेक्षकही. २००६ च्या डिसेंबरमध्ये मिलानच्या 'ला स्काला' ऑपेरा हाऊसमध्ये व्हेर्दीच्या 'आईदा'च्या प्रयोगात वरच्या गॅलरीतून हुर्यो उडाला आणि नायकाची भूमिका करणारा गायक रोबेर्तो आलान्या सुरुवातीचंच गाणं संपवून मंचावरून निघून गेला. बदली गायक अंगावरच्या साध्या कपड्यांनिशी पुढे आला आणि प्रयोग चालू राहिला. त्या गॅलरीतल्या लोकांना व्हेर्दीची ओळन्‌ओळ पाठ असते, आधी कोण कसं गायलं तेही लक्षात असतं. कलेवर इतका हक्क सांगणारं गाव दुसरीकडे कुठे बघायला मिळेल?

तिसरी घंटा:
हक्क सांगणारं गाव आहे, मान्य. पण तो हक्क दीडशे वर्षांपूर्वीच्या गाण्यावर आहे, आणि गाणाऱ्याला घालवून देण्यात तो दिसला. मला जिथे गाव स्वतःबद्दल काही नवीन बोलतंय ते ऐकायचंय, मग ते अडखळत का असेना. छोट्या जागेतला प्रयोग फसला तरी तो का फसला यावरून त्या शहराला सध्या काय बोलणं जड जातंय ते कळतं. एकच संध्याकाळ हाती असेल तर मी आजही तळघरातच जाईन.

शेवटची रांग:
माझ्या हाती तीन आहेत. पहिल्या दिवशी विद्यालयाचा प्रयोग, दुसऱ्या दिवशी उभ्याने ऑपेरा, आणि तिसरी संध्याकाळ मोकळी ठेवतेय. दुसऱ्या दिवशीच्या पत्रिकेतली नावं जिकडे नेतील तिकडे.

विंगेतली:
उत्तम. फक्त तिसऱ्या दिवशी सोमवार येत नाही ना ते बघा. बरीच मोठी थिएटरं सोमवारी बंद असतात. पण आला तरी बिघडत नाही, कारण नोकरीतले गायक-वादक आपलं स्वतःचं काम करतात ते बहुधा त्याच संध्याकाळी.