बीएमएक्सची सीट: नाक वर की सपाट?

सपाटराव
बीएमएक्स (करामतींची आणि शर्यतींची छोटी सायकल) घेतली की पहिल्याच दिवशी पोस्ट (सीटची दांडी) तळाला घुसवायचा आणि सीटचं नाक आभाळाकडे करायचं, ही फॅशन बंद व्हायला हवी. माझं मत: नाक फार तर १० अंश वर, आणि पोस्टचा निदान ५-६ सेंमी भाग बाहेर.

हिशोब असा. सीट साधारण २३ सेंमी लांब. पिव्होट (सीट जिथून कलते तो बिंदू) मधोमध धरला, तर १० अंशांना शेपूट २ सेंमी खाली येतं, २० ला ४ आणि ३० ला जवळजवळ ६. चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची फ्रेमची नळी) आखूड, टायर २.४ इंची आणि पोस्ट तळाला असेल तर ते शेपूट थेट टायरवर. सीटचा प्लॅस्टिकचा तळ लवचीक असतो. उभं असताना दिसणारी फट शेपटीवर वजन आदळलं की उरत नाही, आणि चाक घासून अडतं.

दातेरी
हिशोबाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. सीटट्यूब (पोस्ट जिच्यात बसतो ती नळी) जमिनीशी साधारण ७१ अंशांत, मागे कललेली असते. म्हणजे सीट ट्यूबला काटकोनात लावली तरी नाक १९ अंश वर जाणारच. तुम्ही ज्याला 'सपाट' म्हणता ती फ्रेमच्या मानाने नाक पाडलेली सीट आहे.

आता कामाचं बोलू. बारस्पिनमध्ये (हँडल गरकन पूर्ण फिरवायची करामत) हँडल सोडल्यावर सायकल धरून ठेवतात ते दोन गुडघे. सपाट सीट बाजूने पाहिली तर जेमतेम तिच्या जाडीइतकीच पट्टी हाती, म्हणजे गुडघ्यांना, लागते. २५ अंश कललेल्या सीटची नाक ते शेपूट उंचीच साडेनऊ सेंमीच्या वर जाते. गुडघा थोडा वर-खाली पडला तरी पकड सुटत नाही. मॅन्युअलमध्ये (पेडल न मारता मागच्या चाकावर चालणं) कंबर सीटच्या मागे न्यायची असते, तेव्हा सपाट सीटचं शेपूट चड्डीत अडकतं. कललेलीचं ते आधीच खाली गेलेलं असतं.

सपाटराव
बारस्पिनला पकड हवी तर सीट ३ सेंमी वर घ्या, जाड गादीची घ्या. कोन कशाला? नाक उंच ठेवून पेडल चुकलं की ते नाक कुठे लागतं हे लिहून दाखवायला नको. आणि कललेल्या सीटवर टेकलं की माणूस मागे घसरतो. शिकणारा माणूस अधूनमधून बसतोच की.

दातेरी
बसायचं असेल तर बीएमएक्स कशाला घेतली राव! उंच सीटचं म्हणाल तर तीच टेलव्हिपला (हँडल धरून फ्रेम गोल फिरवायची करामत) आडवी येते. फ्रेम फिरून येताना पाय तिच्यावरून न्यावा लागतो.

चेनकडी
दोघेही कोन आणि उंची वेगवेगळी धरून भांडताय. तो एकच निर्णय आहे. आधी उंची ठरवा, मग टायर जेवढा कोन देईल तेवढाच घ्या. शेपूट आणि टायर यांत आडवी दोन बोटं गेली पाहिजेत. न गेल्यास कोन कमी करा किंवा पोस्ट वर घ्या.

आणि एक गोष्ट कोणी मोजत नाही: मागचं चाक ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा आस बसतो ती फ्रेमची खाच) कुठे आहे. चेनमधून एक हाफ लिंक (अर्ध्या इंचाची कडी) काढली की चाक सहा मिलिमीटरहून थोडं जास्त पुढे येतं. काल बसणारी सीट आज टायरला लागते ती यामुळे, आणि लोक खापर सीटवर फोडतात.

कोन मोजायला सायकल सपाट जमिनीवर, दोन्ही टायरमध्ये सारखी हवा. सीटवर नाकापासून शेपटीपर्यंत सरळ पट्टी ठेवायची आणि पट्टीवर मोबाइलचं लेव्हल. फोन थेट सीटवर ठेवलात तर तिच्या खोलगट भागामुळे आकडा चुकतो.

नवखा२०
पिव्होटल सीट आहे. दर दोन दिवसांनी शेपूट आपोआप खाली जातं. बोल्ट मरेस्तोवर आवळलाय.

चेनकडी
दाते गेलेत. पिव्होटलमध्ये सीटच्या तळाचे आणि पोस्टच्या डोक्याचे दाते एकमेकांत बसतात, कोन तेच धरतात. बोल्टचं काम फक्त त्यांना दाबून ठेवण्याचं. बोल्ट अर्धवट सैल करून सीट हाताने वाकवली की दात्यांची टोकं घासली जातात. पुन्हा तसं करू नका: सीटच्या वरच्या भोकातून ६ मिमी ॲलन कीने बोल्ट बराच सैल करा, सीट दात्यांवरून पूर्ण उचला, कोन बदला, दाते खटकन बसले की मगच आवळा. अधेमधे कोन मिळणार नाही, एक दाता मागे किंवा एक पुढे. माती ब्रशने काढा. ग्रीस बोल्टच्या आट्यांना, दात्यांना नाही.

आणखी आवळून उपयोग नाही, उलट बोल्टभोवतीचं प्लॅस्टिक तडकेल. सीट उलटी करून बघा: दाते प्लॅस्टिकचे गेले असतील तर सीट बदला, पोस्टचे गोल झाले असतील तर पोस्ट.

दातेरी
+१. ट्रायपॉड (सीट पोस्टवर बसवायची दुसरी पद्धत) घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वजन वाचतं पण कोन बदलायला पिव्होटलइतकी मोकळीक नसते. मत पक्कं झाल्याशिवाय घेऊ नका.

सपाटराव
रेसवाल्यांचं काय? तिथे तरी सपाटच ना?

दातेरी
तिथे मान्य. शर्यत मिनिटाच्या आत संपते, सगळं पेडलिंग उभ्याने. सीट मांड्यांच्या आड आली नाही म्हणजे झालं. खाली आणि जवळपास सपाट.

नवखा२०
नवीन पोस्ट घेतोय. पूर्ण खाली करायचा तर कापावा लागेल का?

चेनकडी
२५.४ मिमी व्यासाचाच आहे ना ते आधी बघा, फ्रीस्टाइल (करामतींच्या) फ्रेमवर बहुधा तोच लागतो. आत टाकून कुठे अडतो ते पाहा. काही फ्रेममध्ये ट्यूब खाली अरुंद होते. अडतो तेवढाच भाग खालून करवतीने कापा आणि कड कानशीने साफ करा, नाहीतर ट्यूब आतून ओरखडते. पोस्टवरची किमान आत राहण्याची रेघ टोकापासून मोजलेली असते. खालून कापलंत की ती खोटी ठरते. कापण्याआधी ते अंतर मोजा आणि नव्या टोकापासून तेवढ्यावर नवी रेघ ओढा. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये कोरडा घालू नका, पातळ ग्रीस लावा, नाहीतर वर्षभराने दोघं एकजीव होतात.

शेवटी क्लॅम्प, म्हणजे पोस्ट आवळून धरणारं कडं. त्याचा बोल्ट मागे असेल आणि पोस्ट तळाला, तर सीटचं बूड बोल्टवर टेकतं आणि दाते पूर्ण बसतच नाहीत. सपाटराव म्हणतात तसा पोस्ट थोडा बाहेर ठेवा, निदान एक सेंमी. नाक मात्र दातेरींच्या १९ अंशांपासून सुरू करा आणि टायर बघत एकेक दाता खाली या.

सपाटराव
एक सेंमी मिळाला, पाच राहिले. १९ अंश अजून जास्तच वाटतात.