वजन कमी करण्याच्या केंद्रानं कीटो, डीएनए डाएट असले चलतीचे प्लॅन ठेवावेत का?

गोदाकाठ, नांदेड

नमस्कार. मी नांदेडात वजन कमी करण्याच्या एका खाजगी केंद्रात आहार सांगायचं काम करते. परभणीला गृहविज्ञान शिकले, काही वर्षं दवाखान्यात काढली, मग इथं आले.

मालकांनी दिवाळीनंतर तीन नवी पॅकेजं काढायचं ठरवलंय. पहिलं कीटो, म्हणजे पिष्ट (भाकरी, भात, साखर) जवळजवळ बंद आणि तूप-तेल भरपूर. दुसरं सोळा तास उपाशी राहायचं. तिसरं सगळ्यात महाग, 'तुमच्या डीएनएनुसार आहार'. त्यात गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायचा, लॅबला पाठवायचा आणि जाडजूड रंगीत अहवाल हातात द्यायचा. फ्लेक्सचं डिझाइनही झालंय. मला एवढंच सांगितलं, की तिन्हींचे तक्ते करून ठेवा.

मला हे तक्ते करवत नाहीत.

आधीच्या पॅकेजचा तक्ता बाहेरून विकत आणलेला होता. मुदखेडकडच्या एक बाई आल्या होत्या, त्यांच्या हातात तोच दिला. ब्रोकोली, बदामाचं पीठ, ॲव्होकॅडो. वर त्यांचं नाव छापलं, म्हणून 'खास तुमच्यासाठी'. त्यांनी बोट फिरवत अख्खा कागद वाचला आणि म्हणाल्या, "मॅडम, घरात नऊ माणसं. सकाळी सगळ्यांच्या भाकरी थापून मी शेतात जाते. हे माझ्या एकटीचं कवा शिजवू?" त्या तक्त्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. बाईंना रक्तदाबाची गोळी चालू होती, तेही कुणी विचारलेलं नव्हतं.

माणूस बघून आहार सांगावा हे मला मान्यच आहे, माझं शिक्षणच त्याचं आहे. माणसामाणसांत फरकही असतो. 2015 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी 800 जणांच्या अंगाला सेन्सर लावून साखर मोजली, तर तेच अन्न खाऊन एकाची साखर झपकन चढली आणि दुसऱ्याची जेमतेम हलली. पण तिथं मोजली ती साखर, वजन नव्हे. आणि सेन्सर, रक्ताच्या तपासण्या, आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी एवढं सगळं करून मग अंदाज बांधला. गालाला लावलेल्या कापसातून ते निघत नाही.

जनुकं बघून आहार दिला तर वजन जास्त उतरतं का, हे अमेरिकेत स्टॅनफर्डला 609 जणांवर वर्षभर तपासलं. निष्कर्ष 2018 मध्ये छापून आले. निम्म्यांना कमी चरबीचं जेवण, निम्म्यांना कमी पिष्टाचं. एका गटाचं सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6 किलो. अमुक जनुकांच्या माणसाला अमुक आहार जास्त लागू पडला, असं काही दिसलं नाही. दोन्ही गटांत कुणाचं भरपूर उतरलं, तर कुणाचं वाढलं.

मग कुठल्या तोंडानं हजारो रुपये मागायचे? आमच्याकडं पैसे भरणारे सगळेच पगारदार नाहीत. सोयाबीनची पट्टी (विक्रीचे पैसे) हातात आली की पोरीचं लग्न जमायचंय म्हणून तिचे पैसे भरणारे बाप आहेत.

तर माझा प्रश्न असा: पैसे घेऊन चालणाऱ्या केंद्रानं असले प्लॅन ठेवावेत का? आणि ठेवू नयेत म्हटलं, तर मालकांपुढं दुसरं काय ठेवू?

लातूरचा जिमवाला

ताई, तुमचं खोटं नाही, पण दुकानाची बाजूबी ऐका. पोरं मोबाईल पुढं करतच येतात, "सर, हे कीटो द्या." नाही म्हणलं की पलीकडच्या गल्लीत डब्यातली पावडर विकणारा बसलेलाच आहे. तो कुणालाच नाही म्हणत नाही. पोरगं माझ्याकडं राहिलं तर निदान नजरेसमोर राहतं.

दुसरं म्हणजे हुरूप. कीटोनं पहिल्याच आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो. त्यात बरंचसं पाणीच असतं हे मला ठाऊक आहे, मी पोरांना सांगतोबी. पण त्या हुरूपावर ते पहाटे पाचला जिममध्ये हजर होतंय, त्याचं काय? मी म्हणतो ठेवा, पण मुदत घालून अन् तब्येत बघून. पंचविशीतल्या धडधाकट पोराला महिनाभरानं काय होणार?

डीएनएचं मात्र पटलं. माझ्याकडंबी एकजण आला होता, अहवालामागं कमिशन देतो म्हणला. वाटेला लावला.

औषधी दुकान, अंबाजोगाई

'तब्येत बघून' म्हणजे नेमकं काय बघून, हे ठरवा आधी. मी काउंटरवर जे बघतो ते सांगतो.

ग्लिमेपिराइड नावाची साखरेची (मधुमेहाची) गोळी आपल्या भागात घरोघरी आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. आमचं एक गिऱ्हाईक, ट्रॅक्टर चालवतं, त्यानं व्हिडिओ बघून सोळा तासांचा उपास धरला आणि सकाळची गोळी तशीच चालू ठेवली. दुकानाच्या पायरीवर बसलं तेव्हा शर्ट घामानं चिंब, हात लटलट कापत होते, पैसे मोजता येईनात. मीटरवर साखर 52, म्हणजे धोक्याइतकी कमी. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग डॉक्टरांकडं धाडलं. हेच ट्रॅक्टरवर असताना झालं असतं तर?

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. ही लघवीवाटे साखर बाहेर काढते. 2020 मध्ये पहिलं पेटंट संपलं, किंमत उतरली, आता खेड्यापाड्यात चालते. तिच्यावर कीटो केलं तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठून आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि वाईट हे की अशा वेळी साखर फार चढलेली दिसतही नाही. उलट्या, पोटदुखी, धाप. घरचे म्हणतात पित्त झालं, आणि वेळ जातो.

रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. पिष्ट एकदम तोडलं, वजन उतरायला लागलं की दाब आपोआप खाली येतो. गोळी तेवढीच राहिली तर उठताना चक्कर येते.

जिमवाले दादा, पंचविशीतल्या पोराचं म्हणता, पण त्यानं साखर कधी तपासलीय का? 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आणि 13 कोटींहून जास्त उंबरठ्यावरचे निघाले. यातल्या कित्येकांना स्वतःला पत्ता नसतो.

आणि पावडरीबद्दल. लठ्ठपणा घालवणाऱ्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. पण तीच वस्तू 'अन्न' म्हणून विकली की त्या कायद्यातून सुटते. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर बघून लोक म्हणतात सरकारमान्य आहे. तो नंबर अन्नधंद्याच्या परवान्याचा असतो. त्यानं वजन उतरतं असं सरकार कुठंच म्हणत नाही.

झेडपी मास्तर, जालना

तुम्ही सगळे उपासाला नावं ठेवायलात म्हणून लिहितो. वजन उतरवायला डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांनी सांगितलेलं मी पाळतो. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा जेवायचं, 55 मिनिटांत आटपायचं, मधल्या वेळी काही नाही. मला झेपलं, कारण त्यात मोजदाद नाही. स्टाफरूममधला चहा-बिस्किटाचा रतीब सुटला, निकालाचे पेढे सुटले. जेवण घरचंच, ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, शेंगदाण्याची चटणी. कंबर उतरली, गुडघा बोलायचा थांबला. मला साखर नाही, गोळ्या नाहीत, हे आधीच सांगतो.

यासाठी दीक्षित सर एक रुपया घेत नाहीत. लोकांच्या तोंडी झालं म्हणून ते वाईट असं होत नाही. माझा सवाल वेगळाच आहे. साधा नियम फुकटात मिळतो, तर पैसे घेणारं केंद्र हवंच कशाला?

गोदाकाठ, नांदेड

मास्तर, तुमच्यासारख्याला केंद्र लागत नाही, हे मी मालकांसमोरही म्हणेन. गोळ्या नाहीत, नियम पाळता येतो, ताट वेळेवर पुढ्यात येतं. तुमचं चाललंय तेच चालू द्या. 2005 मध्ये बोस्टनला अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश हे चार आहार 160 जणांवर ताडून बघितले होते. वजन उतरलं ते ज्यांनी आहार नेटानं पाळला त्यांचं, मग आहार कुठला का असेना. आणि वर्ष संपेपर्यंत कितीतरी जण सोडून गेले होते. तुम्हाला दोन वेळा झेपल्या. पण जी बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून खाते, तिला 55 मिनिटांचा नियम देऊन भागत नाही. तिच्याशी बसून बोलावं लागतं, सासूशीही बोलावं लागतं. त्या कामाचे पैसे घ्यायला मला काही वाटत नाही.

एक सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. तक्त्यांत लिहितात 'दुपारी 2 भाकरी'. मी काही बायकांना केंद्रातच परात आणि पीठ दिलं, म्हणाले, घरी घेता तेवढंच एका भाकरीचं पीठ घ्या. काट्यावर ठेवलं तर एकीचं 70 ग्रॅम भरलं, दुसरीचं 130. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 350 कॅलरी. म्हणजे एकीच्या दोन भाकरींच्या 490 आणि दुसरीच्या 910. दोघींच्या हातात तक्ता एकच! जिला 130 भरलं ती म्हणाली, "घरधनी शेतातून येतात, पातळ भाकर त्यांना चालत नाही, म्हणून सगळ्यांच्याच जाड थापते." तिला आम्ही वेगळं काही शिजवायला सांगितलं नाही. तिची स्वतःची भाकरी शेवटी, लहान गोळ्याची, आणि सोबत वरण घट्ट, वाटीभर जास्त. डाळ जास्त गेली की पोटाला आधार राहतो, दुपारी चारला फरसाणाच्या डब्याकडं हात जात नाही. माझ्या लेखी 'पर्सनलाइज्ड' ते हे.

जिमवाले दादा, हुरुपाचं मी हलक्यात घेत नाही. पण पाण्यानं उतरलेला काटा भाकरी खाल्ल्याबरोबर परत चढतो, आणि पोरगं धसका घेतं, की भाकरीनंच वजन वाढतं. मग कायमची भाकरी टाकून ते ब्रेडवर येतं. अशी पोरं माझ्याकडं आलीयत. हुरूप द्यायचा तर टेप लावा. आपल्याकडच्या निकषानं पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत. दर पंधरा दिवसांनी टेप दाखवला तरी पहाटे पाचला येणारा येतो. कुणी कीटोवर अडूनच बसला तर त्याला डॉक्टरांकडं पाठवा, साखर, किडनी, चरबी तपासून त्यांनी लिहून दिलं तर त्यांच्या देखरेखीखाली करू द्या. पण फ्लेक्सवर टाकून येईल त्याला विकणं मला मान्य नाही.

अंबाजोगाईच्या दादांचं वाचून माझं ठरलं. मालकांपुढं असं ठेवणार: तीन पॅकेजांऐवजी एकच, पहिल्या भेटीचं. येताना औषधाची पिशवी आणायची, पाकिटांसकट. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जेवणाच्या वेळा बदलायच्या नाहीत. घरात कोण रांधतं, किती जणांचं, शेतात की खुर्चीवर, रात्रपाळी आहे का, हे फॉर्मात. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याच्यावरचं वचन तोंडी किंवा कागदावर द्यायचं नाही, कारण वजन फार भराभर उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. डीएनएचा अहवाल बंद. मालक नाही म्हणाले तर तक्त्यांवर माझं नाव येणार नाही, हेही सांगणार आहे.

औशाची सून

ताई, फॉर्मात सणवारबी घाला. मी एका केंद्रात पैसे भरले होते. येळवशीला (वेळा अमावस्येला) अख्खं गाव शेतात असतं, भज्जी, आंबील, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), तिथं मी डब्यातली काकडी खात बसू का? दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं तर तिथल्या मॅडम सगळ्यांसमोर रागावल्या, म्हणल्या तुमच्यानं होणार नाही. मी परत गेलेच नाही. भरलेले पैसे गेले. भज्जीत तर सगळ्या शेंगाभाज्या अन् डाळीच असतात की, ते खाल्लं तर काय बिघडलं हे अजून कळालं नाही मला.

गोदाकाठ, नांदेड

काही बिघडलं नाही. वाल, तूर, हरभरा, वाटाणा, वर ताकातली आंबील. तक्त्यात बसवायचंच तर उंडे मोजून घ्या, भज्जी पोटभर खा. उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा एकत्र येतात, मला खरी काळजी त्याची असते. सणवारांचा आणि उपासांचा रकाना आजच घालते. आणि तुम्हाला चारचौघांत बोलल्या ते चुकलंच त्यांचं.

दादा, फॉर्मचा औषधांचा भाग तुम्ही एकदा बघाल का?

औषधी दुकान, अंबाजोगाई

पाठवा. प्रत्येक गोळीपुढं 'जेवणाआधी की नंतर' आणि 'एखाद्या दिवशी जेवण चुकलं तर गोळी घेता का' हे दोन रकाने आधीच टाकून ठेवा. आणि इन्सुलिनवाल्यांसाठी वेगळं पान करा, ते मी लिहून देतो.